पडद्याकडून फळ्याकडे

आपल्याकडे बाईने नोकरी सोडण्याची कारणं अगदी ठरलेली असतात. लग्न, बाळंतपण, नवऱ्याची बदली, नाहीतर सासूबाईंनी अंथरूण धरणं. यातलं एखादं कारण सांगितलं की लोक मान डोलावतात नि पुढच्या विषयाकडे वळतात. पण यातलं काहीएक नसताना, हातीपायी धड असताना नि चांगलं नाव झालेलं असताना एखादी बाई उठते आणि म्हणते, "मी आता दुसरं काम करणार," तेव्हा मात्र सगळ्यांची पंचाईत होते. कारण काय सांगायचं लोकांना?

माझ्या मामेबहिणीने हेच केलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिला ते आवडायचं नाही. आम्ही भावंडं तिला ताई म्हणतो, तेच इथेही म्हणते. ताई सतरा वर्षं बातम्यांच्या जगात होती. आधी हातात माईक धरून रस्त्यावर, मग स्टुडिओत. २०२४ साली तिने ते सगळं सोडलं आणि लोकांना बोलायला शिकवण्याचं काम सुरू केलं. तिच्या कार्डावर 'माध्यम व संवाद प्रशिक्षक' असं छापलेलं आहे. मामीला हे शब्द जड जातात. कुणी विचारलं तर ती एवढंच म्हणते, "क्लास घेते."

त्या 'क्लास घेते'मध्ये मामीचं सगळं दुःख साठलेलं आहे. सांगलीला मामाच्या गल्लीत संध्याकाळी सातला ताई दिसायची. शेजारच्या काकू हातातली भाजी निवडायची तशीच टाकून यायच्या. "आज साडी छान होती हो," "आज जरा थकलेली वाटली," असे निरोप मामीकडे यायचे. बँकेत, दवाखान्यात, भाजीबाजारात मामी 'टीव्हीवाल्या ताईची आई' होती. आता सात वाजतात, टीव्ही लागतो, नि कुणीतरी दुसरीच मुलगी बातम्या सांगते. "काढून टाकलं का गं तिला?" असं एका बाईने मामीला सरळ विचारलंसुद्धा. मामी त्या दिवशी जेवली नाही.

मामीचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. बातम्या सांगणाऱ्या माणसाला आपल्या घरात एक वेगळीच जागा असते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांना सिनेमा-नाटकातून सगळ्यांनी ओळखलं, पण त्या दोघींनीही दूरदर्शनवर बातम्या वाचल्या होत्या, हे माझी आई अजून मोठ्या कौतुकाने सांगते. प्रदीप भिडे तर आमच्या घरातल्या माणसासारखे. २०२२ साली ते गेले तेव्हा माझे सासरे, जे सहसा काही बोलत नाहीत, ते म्हणाले, "आपल्याकडे रोज येणारा माणूस गेला."

पुढे चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. २००७ साली झी चोवीस तास आणि स्टार माझा सुरू झाल्या, २००८ मध्ये आयबीएन लोकमत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता शिकून बाहेर पडलेल्या ताईला त्याच दिवसांत काम मिळालं. पुढे तिने वाहिन्याही बदलल्या. सकाळच्या बातमीपत्रासाठी पहाटे साडेतीनला उठायचं, डोळ्यांसमोर अक्षरं सरकत असतात ती वाचायची, त्याच वेळी कानातल्या यंत्रातून आतला माणूस सांगत असतो, "पुढची बातमी बदलली, तीस सेकंद ओढ," तेही ऐकायचं. चेहऱ्यावर मात्र काही दिसू द्यायचं नाही. ताई म्हणते, "स्वयंपाक करताना एकीकडे मुलांचा अभ्यास, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या नि दारात दूधवाला, अशी सवय ज्या बाईला आहे तिला हे अवघड नाही!"

मग सोडलं का?

हे मी तिला गेल्या दिवाळीत निवांत विचारलं. आधी तिने थट्टेवारी नेलं. मग म्हणाली, "तुला ऑगस्ट २०१९चा महापूर आठवतो?"

न आठवायला काय झालं? आम्ही विट्याला असतो, आमच्याकडे पाणी नाही आलं, पण सांगलीत मामाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ताई तेव्हा वाहिनीतर्फे तिथेच बातम्या देत होती. एका शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाई तिच्याशी चांगलं पाच मिनिटं बोलल्या. पाणी वाढतंय हे गावाला कधी कळलं, जनावरं कुठे हलवली, होडी किती वाजता यायला हवी होती नि किती वाजता आली, सगळं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता शेवटी म्हशीची आठवण येऊन त्या रडल्या. रात्री बातमीत लागलं ते फक्त रडणं. बारा सेकंद.

"कुणी दुष्टपणाने केलं नाही गं," ताई म्हणाली. "कापणाऱ्या मुलाकडे वेळ नव्हता. त्या बाईंचं बोलणं इकडून तिकडे फिरत होतं, त्यातलं कुठलं वाक्य उचलायचं हे त्याला कळलं नाही. रडणं कळलं. मी रात्रभर विचार करत होते, होडीची गोष्ट त्यांना सुरुवातीलाच एका दमात सांगता आली असती, तर तीच लागली असती."

हे ऐकून मला पहिल्यांदा कळलं की टीव्हीवर बोलणं ही गप्पांसारखी गोष्ट नव्हे. तिथे माप असतं. अमेरिकेत डॅनियल हॅलिन नावाच्या अभ्यासकाने हे माप मोजून पाहिलं आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या बातम्यांत उमेदवाराचा स्वतःचा आवाज सलग किती वेळ ऐकू येतो, हे त्याने तपासलं. १९६८ साली सरासरी ४३ सेकंद येत असे, १९८८ साली ते ९ सेकंदांवर आलं. जिथे राष्ट्राध्यक्ष होऊ घातलेल्या माणसाला नऊ सेकंद, तिथे आपल्या म्हातारीला बारा मिळाले, हे जास्तच म्हणायचे!

म्हणूनच जगात ठिकठिकाणी बातम्यांच्या धंद्यातली माणसं पुढे शिकवण्याकडे वळलेली दिसतात. कुठलं वाक्य उचललं जातं नि कुठलं कापलं जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? इंग्लंडच्या थॅचरबाईंचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचा आवाज मुळात उंच लागायचा, रागावल्या की चिरका व्हायचा. गॉर्डन रीस हे आधी पत्रकार, मग टीव्हीचे निर्माते. ते थॅचरबाईंचे सल्लागार झाले. नॅशनल थिएटरमधल्या आवाजाच्या शिक्षिकेकडून बाईंना धडे मिळाले नि त्यांचा आवाज खाली, संथ उतरला. १९७९ साली त्या पंतप्रधान झाल्या. आवाजामुळे झाल्या असं कुणी म्हणणार नाही, पण एवढ्या मोठ्या बाईलाही बोलण्याचे धडे घ्यावे लागले, ही गोष्ट मला मोठी धीराची वाटते.

आपल्याकडची उदाहरणं वेगळी आहेत. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारे डॉ. विश्वास मेहेंदळे पुढे पुण्यात सिंबायोसिसच्या पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्थेचे संचालक झाले. दूरदर्शनवर इंग्रजी बातम्या वाचणारे सुनीत टंडन दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे महासंचालक झाले. ही संस्था १९६५ सालापासून पत्रकार घडवते आहे. उषा अल्बुकर्क यांनाही लोक आधी दूरदर्शनच्या बातम्यांमुळे ओळखत. नंतर त्यांनी मुलांना करिअरचं मार्गदर्शन करण्यात आपलं नाव केलं. ही नावं मी मामीला मुद्दाम ऐकवली. ती म्हणाली, "ते मोठे लोक." पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तीच नावं सांगत होती, हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

ताईचं काम प्रत्यक्ष कसं चालतं हे पाहायची संधी मला गेल्या उन्हाळ्यात मिळाली. आमच्याकडच्या एका महिला संस्थेने ग्रामपंचायतीतल्या बायकांसाठी तिचा एक दिवसाचा वर्ग ठेवला होता. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, सुट्टी लागलेली होती, म्हणून चहापाण्याची व्यवस्था बघायला गेले नि दिवसभर तिथेच बसून राहिले.

पंचवीस-तीस बायका होत्या. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, त्यामुळे सरपंचबाई आता नवलाच्या राहिल्या नाहीत. पण खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळतोच असं नाही. निम्म्या जणींबरोबर त्यांचे यजमान आले होते. ताईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या पुरुषमंडळींना हात जोडून चहाला बाहेर पाठवलं नि दार लावून घेतलं. आत एकदम हशा पिकला. वर्ग तिथेच निम्मा झाला असं मला वाटलं.

मग तिने एकेकीला उभं करून मोबाईलवर बोलणं टिपलं. ते परत दाखवण्याची तिची रीत गमतीची आहे. आधी आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवते. कोण पदर चाचपतंय, कोण जमिनीकडे बघतंय, कोण हसू नये तिथे हसतंय, ते ज्याचं त्याला दिसतं. मग पडदा झाकून नुसता आवाज ऐकवते. ताई स्वतः एक शब्द टीकेचा बोलत नाही. "काय दिसलं? काय ऐकू आलं?" एवढंच विचारते. सतरा वर्षं प्रश्न विचारायची सवय, ती इथे उपयोगी पडते.

जत भागातल्या एक सरपंचबाई होत्या. गावात टँकर येतो, त्याबद्दल त्या बोलल्या. पहिल्या वेळी चार मिनिटं बोलल्या. त्यात आधीचे सरपंच आले, मंजुरीचं पत्र आलं, जावेचं भांडणही येऊन गेलं. ताईने विचारलं, "हे सगळं खरं आहे, पण तुमच्याजवळ वीस सेकंदच आहेत नि समोर कलेक्टर साहेब उभे आहेत. काय सांगाल?" बाई गप्प राहिल्या. ताईही गप्प राहिली. ती मदत करील, शब्द पुरवील, असं मला वाटत होतं. आपण शिक्षिका लगेच तेच करतो ना? पण ती नुसती थांबली. मग बाई म्हणाल्या, "आमच्या वाडीत बाराशे माणसं. टँकर चार दिवसांनी येतो. पाचव्या दिवशी पोरी शाळेत जात नाहीत, पाण्याला जातात. टँकर एक दिवसाआड पाहिजे."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी घड्याळ बघितलं, चौदा सेकंद झाले होते. माझ्या डोळ्यांपुढे पुरातल्या त्या म्हाताऱ्या बाई आल्या. ताईच्याही आल्या असाव्यात, कारण ती एकदम पाणी प्यायला वळली.

पण मैत्रिणींनो, या कामाची दुसरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय मला हे लिहिणं पुरं वाटणार नाही.

त्या रात्री ताई आमच्याकडेच राहिली. ओटा आवरताना मी तिला मनातलं विचारलं. "ताई, आज बायका होत्या ते ठीक. पण तुझ्याकडे कारखानदार येतात, बिल्डर येतात, पुढारी येतात. काल तू त्यांना प्रश्न विचारत होतीस. आज त्यांनाच उत्तर कसं टाळायचं ते शिकवणार का?"

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं नि म्हणाली, "हाच प्रश्न माझ्या जुन्या सोबत्यांनी मला विचारला, नि तो बरोबर आहे. काही लोक तेच शिकायला येतात. पैसाही तिथेच जास्त असतो. बायकांच्या वर्गात मला गाडीभाडं सुटतं, बस्स."

मग तिने स्वतःला घालून घेतलेले नियम सांगितले. ज्या प्रकरणाची बातमी तिने स्वतः दिली होती, त्यातल्या माणसाला ती शिकवत नाही. 'माझी ओळख आहे, तुमची बातमी लावून देते' असं आमिष कुणाला दाखवत नाही. आणि खोटं बोलायला शिकवत नाही. "मी त्यांना सांगते, माहीत नसेल तर 'माहीत नाही, उद्या अकरापर्यंत सांगतो' असं म्हणा, नि उद्या अकराला खरंच सांगा. चूक झाली असेल तर आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल बोला, स्वतःच्या नावलौकिकाबद्दल नंतर." एका कारखान्याच्या साहेबांना हे पटलं नाही. त्यांना सांडपाण्याच्या तक्रारीवर गोल गोल बोलायचं होतं. ताईने आलेले आगाऊ पैसे परत केले. त्या महिन्यात तिच्या घराचा हप्ता भावोजींनी एकट्याने भरला.

"आणि जे दुसरीकडून शिकून येतात त्यांचं काय?" मी विचारलं.

"ते येणारच," ती म्हणाली. "म्हणून तर मी दोन दिवस पत्रकारितेच्या मुलांनाही शिकवते. गोल उत्तर आलं तर तोच प्रश्न शांतपणे पुन्हा कसा विचारायचा, ते."

तिच्या या बोलण्याने माझं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. बोलण्याची कला ही विळीसारखी आहे. भाजीही तीच चिरते, बोटही तीच कापते. पण विळी फक्त एकाच घरात असावी, यापेक्षा ती सगळ्या घरांत असलेली बरी. पुढारी नि कारखानदार पैसे मोजून शिकणारच. जतच्या सरपंचबाईंना कुणी शिकवलं नाही, तर भांडण एकतर्फी होतं. ताईने पडद्यावरची झळाळी सोडली ती या बाजूला थोडं वजन टाकण्यासाठी, एवढं मला पटलं.

झळाळी सोडण्याची किंमतही लहान नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत नाही. एका महिन्यात चार वर्ग, तर दुसऱ्या महिन्यात एकही नाही. बिल पाठवून दोन-दोन महिने वाट पाहावी लागते. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला टाकल्याशिवाय तिने राजीनामा दिला नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. कारण अशा गोष्टी वाचून आपल्यापैकी एखादीला उद्याच नोकरी सोडावीशी वाटेल. उठायचं ते पायाखालची जमीन चाचपून.

ताईकडून मी शिकलेल्या काही गोष्टी इथे देते. भिशीत, पालकसभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुठेही उपयोगी पडतील.

बोलायला उठण्याआधी स्वतःला विचारावं, 'मी कुणाशी बोलते आहे नि त्यांनी घरी जाताना कुठली एक गोष्ट बरोबर न्यावी?' ती गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी. आपण गोष्टीसारखं शेवटी सांगायला जातो नि तोवर अध्यक्ष घंटा वाजवतात.

कागदावर पूर्ण वाक्यं लिहू नयेत, तीन शब्द लिहावेत. वाक्यं लिहिली की आपण वाचतो, बोलत नाही.

घरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहावं. मनात म्हटलेलं नेहमी लहान वाटतं. मी एका मिनिटात किती शब्द वाचते हे ताईने मोजायला लावलं तर एकशे बेचाळीस भरले. "मुलं धावतायत तुझ्यामागे," ती म्हणाली. आता मी वाक्य संपलं की थांबते.

आणि आवाज. वर्गात पन्नास मुलांवर ओरडून माझा घसा शुक्रवारपर्यंत बसायचा. ताईने सांगितलं, गोंगाटाच्या वर आवाज चढवू नकोस, गप्प उभी राहा. श्वास छातीत वर न घेता पोटापर्यंत घे. थोडं थोडं पाणी पीत जा. खडीसाखर, ज्येष्ठमध आपलं चालूच असतं. पण घसा तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं.

यंदा शाळा सुरू झाल्यावर मी एक बदल केला आहे. आमच्याकडे रोज सकाळी परिपाठात एक मूल बातम्या वाचतं. वर्षानुवर्षं तीच चार हुशार, खणखणीत आवाजाची मुलं वाचायची. आता मी पाळी लावली आहे नि सुरुवात मागच्या बाकांवरून केली आहे. पहिल्या दिवशी आलेली मुलगी इतकी हळू बोलली की पुढच्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. मी मदत करायला तोंड उघडलं नि ताईची आठवण होऊन मिटलं. तिने पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. पंधरा दिवसांनी तिची पाळी परत आली, तेव्हा वाचून झाल्यावर तिने कागदावर बोट ठेवलं नि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, इथे 'सूत्रांनी सांगितले' असं लिहिलंय. म्हणजे कुणी सांगितलं?"

आता इतर मुलंही रोज एकेक प्रश्न आणतात. उत्तर द्यायला मला आदल्या रात्री भांडी घासून झाल्यावर वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून जावं लागतं.